फाटकापासून एक्क्याण्णव मीटर

“माजी टपरी तर आत आली. आन तुमचं घर कुटं पडतं, मास्तर?”

चिंधीनं हे विचारलं तेव्हा देवव्रत टिपणीस शाळेच्या फाटकापाशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात टेपचं टोक होतं. लांब उडीच्या स्पर्धेची ती कापडी टेप, पहिला अर्धा मीटर फाटून गेलेला. प्रत्येक मापातून अर्धा मीटर वजा धरायचा, हे त्यानं हरेश शिपायाला दोनदा बजावलं होतं. शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे एक्क्याण्णव मीटरांच्या, आत तंबाखूचं काही विकलं जाऊ नये, त्या हद्दीची पिवळी रेघ रस्त्यावर मारावी, फोटो काढून वर पाठवावा, असं परिपत्रक आलं होतं. पंधरवड्यानं तपासणीचं पथक येणार होतं. आणि तंबाखूमुक्त शाळा समितीचे प्रमुख होते विज्ञानाचे टिपणीस सर, म्हणजे हाच. चिंधीच्या बोलण्यात खोच नव्हती. जेवलात का, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. पण तिला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी कुरियरवाल्यानं तिच्याच टपरीवर पत्ता विचारला होता आणि परत आलेल्या पार्सलवरचा कागद मोठ्यांदा वाचला होता: लाकडी पाइप, तंबाखू ओढण्याचा, नग एक. तेव्हा ती काही बोलली नव्हती. आज बोलली. देवव्रतनं वर पाहिलं नाही. टेपवरच्या पुसट आकड्यांकडे तो फार लक्ष देऊन पाहत राहिला.

“सर,” पलीकडून हरेशनं विचारलं, “कुटनं धरायची? भिंतीपासनं का फाटकापासनं?”

प्रश्न साधा होता आणि उत्तर परिपत्रकातच होतं. आवाराच्या हद्दीपासून. देवव्रतनं स्वतः ते शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं होतं. त्याचं घर शाळेच्या मागच्या आळीत, मागच्या भिंतीपासून मोजून चाळीस पावलांवर. लहानपणी घंटा झाल्यावर घरून पळत सुटलं तरी प्रार्थनेला पोचता यायचं. भिंतीपासून धरलं तर ओटा, माजघर, मागची खोली, त्या खोलीतलं लेथ मशीन, सगळं रेघेच्या आत. फाटकापासून धरलं तर रस्ता कोपऱ्यावरून वळून आळीत शिरतो, आणि मग... “फाटकापासून,” देवव्रत म्हणाला. हरेशनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं शिपाई म्हणून काढलेला माणूस. कुठं ‘बरं’ म्हणायचं ते त्याला कळत होतं. “बरं,” तो म्हणाला. तीस मीटरची टेप तीन वेळा धरून वर एक मीटर मोजला, फाटलेल्याचा हिशेब घातला, आणि एक्क्याण्णव मीटरांवर चुन्याची खूण पडली ती टिपणिसांच्या ओट्याच्या अलीकडे सात फुटांवर. घर सुटलं. चिंधी बरण्या पुसायला लागली. गेली पंधरा वर्षं ती फाटकाला लागूनच बसत होती. खोडरबर, चिक्की, बिस्किटं आणि मागच्या फळीवर विड्या, तंबाखूच्या पुड्या, चुना. भिंतीपासून मोजा नाहीतर आभाळातून मोजा, तिची टपरी आतच येणार होती. तेव्हा आपण तिचं काही वाकडं केलेलं नाही, असं देवव्रतनं स्वतःला समजावलं. घरी येईपर्यंत चार वेळा समजावलं.

घरी आल्यावर हात धुऊन तो मागच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. हे दार लोटणं गेल्या नऊ वर्षांचं. त्याआधी या खोलीत गाद्या असत. नऊ वर्षांपूर्वी भिवपुरीचे मामा वारले. वीजकेंद्रात नोकरी, तिथल्याच क्वार्टरमध्ये सारी हयात, आणि ओठांत सदा धूर. शेवटचे चार महिने त्यांना चार पावलं चालून थांबावं लागे, आणि थांबले की छातीतून शीळ वाजे. ती शीळ देवव्रतनं ऐकली होती. वर्गात तो तंबाखूचे दुष्परिणाम शिकवी ते पुस्तकातून नव्हे, ती शीळ कानात ठेवून. मामांच्या सामानात एक पाइप निघाला, कुणा जुन्या साहेबानं मागे टाकून दिलेला, मामांनी वर्षानुवर्षं ओढलेला, तोंडाची नळी तुटलेली. तेराव्याला बायका भांडी आवरत होत्या तेव्हा देवव्रत ओट्यावर बसून तो लाकडाचा गोळा हातात फिरवत होता. तळहातात पक्षी बसावा तसा तो बसला. एवढा मोठा माणूस जिनं मारला ती वस्तू इतकी सुंदर का, हे त्याला कळेना, आणि कळेना म्हणून ती त्यानं खिशात घातली. तुटलेली नळी दुरुस्त करायची, एवढंच ठरलं होतं. पेनं करायला वापरतात ती एबोनाइटची कांडी त्यानं मागवली, व्हिडिओ पाहून पाहून कानशीनं घासली. पहिल्या पाच नळ्या वाकड्या झाल्या. सहावी बसली. बसताना जो बारीकसा ‘टक्’ आवाज झाला, तो ऐकून हा चाळिशीकडे आलेला गृहस्थ खोलीत एकटाच हसला. मग कुंभिवलीला हायवेच्या कडेला बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन टेंपोत घालून आलं. मग परदेशातून ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाचे ठोकळे आले, जळता जळत नाही असं लाकूड. त्याला दोन भोकं पाडायची: एक वरून, तंबाखू भरायचं, एक बाजूनं, धूर ओढायचं. ती दोन्ही तळाशी एकाच बिंदूवर भेटली पाहिजेत. केसभर चुकलं की ठोकळा फुकट. देवव्रतचे पहिले अकरा ठोकळे फुकट गेले. बारावा पाइप झाला. ओढून पाहायचा प्रश्न नव्हता, त्यानं जन्मात कधी धूर घेतला नव्हता. तो नुसती हवा ओढून बघे. आत शीळ वाजली नाही की पाइप चांगला.

लोकांना सांगितलं होतं, पेनं करतो. ही युक्ती तेजश्रीची, त्याच्या बायकोची. “एबोनाइटच आहे ना, मग पेनच म्हणूया. तू कुठं खोटं बोलतोयस? अर्धंच बोलतोयस.” तेजश्री पंचायत समितीत नोकरीला, अर्ध्या बोलण्याची तिला सवय होती. त्या अर्ध्या बोलण्यापायी मुख्याध्यापिकांच्या निरोपसमारंभाला त्याला खरोखरचं पेन करून द्यावं लागलं. ते गळलं. बाईंच्या साडीवर शाईचा डाग पडला आणि सगळ्यांनी त्याचं सांत्वन केलं, हळूहळू येईल हात म्हणाले. तेव्हा डेन्मार्कमधला हेनिंग नावाचा सत्तर वर्षांचा म्हातारा त्याच्या पाइपांची छायाचित्रं पाहून एकेक पत्र लिहीत होता, आणि त्यात लिहीत होता की इतकी सरळ भोकं मी फार थोड्यांची पाहिली आहेत. ही पत्रं देवव्रत शाळेच्या प्रयोगशाळेत, मुलं गेल्यावर, फोनवर पुन्हा पुन्हा वाची. या गावात त्याला ओळखणारी पाचशे माणसं होती आणि घरचे आणि चिंधी सोडली तर तो काय करतो हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. जो जाणत होता तो समुद्रापलीकडे बसला होता. आणि आता त्या म्हाताऱ्यानं अट घातली होती. मे महिन्यात तिथं पाइप करणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार, त्यात तो देवव्रतचा पाइप मांडणार, फोटो जगभर जाणार. पण निनावी पाइप मी टेबलावर ठेवत नाही, त्यानं लिहिलं. दांड्यावर नाव ठोक, नाहीतर पाठवू नकोस. आजवर देवव्रतनं एकाही पाइपावर नाव घातलं नव्हतं. खाली एक बारीक ठिपका, बस. नाव ठोकायचा पोलादी पंच मात्र त्यानं पनवेलहून करवून आणला होता, चार अक्षरांचा, ‘देवव्रत’, आणि तो फडक्यात गुंडाळून लेथच्या खणात ठेवला होता. सहा महिने तिथंच होता. नाव घातलं की कळणार. आज ना उद्या कुणीतरी फोनवर पाहणार, दुसऱ्याला पाठवणार. मुलांना शपथ देणारे टिपणीस सर आणि हे बघा. नाव नाही घातलं तर कुणाला काहीच कळणार नाही, कधीच, आणि एक दिवस त्याच्याही सामानात कुणाला तरी एक लाकडाचा गोळा सापडेल, कुणाचा कोण जाणे. तंबाखू वाईट हे खरं होतं. हे काम आपलं आहे हेही खरं होतं. दोन्ही एकाच तोंडानं बोलायची सोय नव्हती.

या घरात नावं होती ती वडिलांची. पातेली, तांब्या, परात, वाट्या, सगळ्यांवर वि. ग. टिपणीस. नवं भांडं आणलं की आई, विमलबाई, ते घेऊन बाजारात नाव घालणाऱ्याकडे जाई आणि त्याच्या ठक् ठक् मशीनसमोर उभी राही. तिचं स्वतःचं नाव घरातल्या एका चमच्यावरही नव्हतं. वडील, विष्णुपंत, याच शाळेचे मुख्याध्यापक, गावात मोठे मास्तर. ते चाळीस पावलांवर शाळेत असत तेवढ्या वेळात, दुपारी मागचं आवरून झाल्यावर, आई मागच्या पायरीवर बसे आणि पावडरच्या गोल डब्यातून बोटभर मिश्री घेऊन दातांना लावी. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, वस्त्रगाळ. मग तोंड मिटून घेई. त्या अर्ध्या तासात आईशी कुणाला बोलता येत नसे, तिला कुणाला उत्तर देता येत नसे. डोळे फणसाकडे, आणि चेहरा असा की ही बाई कुणाचीच कोणी नाही. तिचं सबंध दिवसात तेवढंच स्वतःचं होतं. एकदा तोंडात मिश्री घेतली की ती वेळेआधी कधी उठत नसे. दूध उतू गेलं तरी नाही. पुढच्या दारात छोटा देवू पहाऱ्याला. वडील येताना दिसले की खोकायचं. दोन वर्षं त्यानं इमानानं पहारा केला. चौथीत असताना एका दुपारी वडील अवेळी आले आणि देवू खोकला नाही. का खोकला नाही हे त्याला आजही सांगता येत नाही. त्याच सकाळी वडिलांनी वर्गात खरं बोलण्यावर धडा दिला होता, तेवढंच आठवतं. “आई कुठं आहे? हाक मारतोय, बोलत का नाही?” आणि देवू म्हणाला, “तिच्या तोंडात मिश्री आहे.” वडील ओरडले नाहीत. त्यांनी डबा मोरीत रिकामा केला, राखेनं घासून धुतला आणि देवूच्या हातात दिला. घे, खडू ठेवायला. आई चूळ भरून आली आणि स्वयंपाकाला लागली. तिनं त्याला कधी काही म्हटलं नाही. हेच वाईट झालं. दोन रट्टे घातले असते तर फिटलं असतं. तो डबा अजून घरात होता. त्यात देवव्रतची ड्रिलची पाती असत.

पिवळी रेघ वाळली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, ओट्यासमोर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. देवव्रत शर्टाची बटणं लावत बाहेर आला. हातगाडीवरून टपरीचा सांगाडा उतरवलेला, आणि चिंधी ओट्याशेजारी, मागच्या खोलीच्या खिडकीखाली, त्याच्या घराच्या भिंतीला पाठ लावून फळ्या बसवत होती. पिवळी रेघ तिच्या पायापासून वीतभर अलीकडे.

“मावशी, हे काय?”

“काय म्हंजे? तुमीच म्हनलात ना, रेगंच्या भायेर. ही भायेरच हाय. त्या हरेसला इचारा.”

“अहो, पण माझ्या भिंतीला?”

“मग कुटं जाऊ, मास्तर? पुडं गटार, त्याच्या पुडं देऊळ. पयली सुकी जागा हीच हाय.” तिनं बरण्या मांडायला सुरुवात केली. मग हात थांबवून, आवाज खाली आणून म्हणाली, “मी कुनाला बोलनार नाय. माजं काय जातं बोलून? पन बसू द्या मला.”

ती धमकी नव्हती. धमकी असती तर देवव्रतला निदान रागावता आलं असतं. चिंधी विनवत होती, आणि ज्याच्यासमोर विनवायचं त्याच्याच पायाखालची जमीन तिच्या हातात होती, हे तिला कळलंसुद्धा नव्हतं. तो बरं म्हणाला. हरेशसारखंच. तेजश्रीनं खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “तूच मोजलंस ना? मग आता भोग. भिंतीपासून मोजलं असतंस तर ती देवळापलीकडे गेली असती आणि आपण आत राहून कुणाच्या बापाला कळलं नसतं. घरात काय करतो ते बघायला पथक थोडंच येणार होतं?” हे खरं होतं. घरावर कुणी बोट ठेवलंच नव्हतं. भीती त्याची त्यालाच होती, आणि त्या भीतीनं त्यानं टेप फिरवली होती.

त्यानंतर मागच्या खोलीत बसणं अवघड झालं. लेथ सुरू केलं की भिंतीपलीकडे चिंधीच्या बरण्यांची झाकणं थरथरत. तिच्याकडे विडी प्यायला थांबलेला कुणी विचारी, आत काय चाललंय गं? ती म्हणे, पेना करतेत मास्तर. तिचं ते इमानी खोटं भिंतीतून ऐकू येई आणि देवव्रतला चटका बसे. विडीचा धूर खिडकीतून येई, म्हणून त्यानं खिडकी लावली. खिडकी लावली की लाकडाचा भुसा नाकातोंडात जाई, म्हणून तो रुमाल बांधे. रुमाल बांधला की स्वतःचाच श्वास गरम होऊन परत येई. हेनिंगसाठीचा पाइप पुरा झाला होता. फक्त दांड्यावर अर्ध्या बोटाची जागा कोरी होती. तो रोज पंच काढी, जागेवर टेकवून बघे, परत ठेवी. पंच एकदाच मारायचा असतो. दुसऱ्यांदा मारला की अक्षरं दुहेरी उमटतात आणि पाइप वाया. शाळेत जाताना तो रेघ ओलांडून आत जाई, येताना ओलांडून बाहेर येई. आत असलं की बाहेरच्या माणसाची लाज वाटे, बाहेर आलं की आतल्याची. एका दुपारी तो घरी आला तर त्याच्या कामाच्या टेबलावर ड्रिलच्या पात्यांचा ढीग ओतलेला. डबा नव्हता. तो मागच्या दाराशी गेला. आई पायरीवर बसली होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तोंड मिटून, डोळे फणस होता त्या जागेकडे. डबा मांडीवर. मिश्री कुणी दिली ते विचारायची गरज नव्हती. समितीप्रमुख टिपणीस सर दारात उभे राहिले. आई, हे चांगलं नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मामांची शीळ कानात होतीच. पण शब्द फुटला नाही. त्या पायरीवर बोलायचा हक्क त्यानं चौथीतच संपवला होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं, शांतपणे, आणि परत फणसाच्या जागेकडे.

पथक आलं त्या सकाळी पार्सल न्यायला कुरियर यायचा होता. शाळेतून मुलांची फेरी निघणार होती, पिवळ्या रेघेवरून साऱ्या आळीला वळसा घालून. आईला बरं नाही, उशिरा येतो, असा निरोप देवव्रतनं हरेशकडे धाडला. मुलांनी ओरडायच्या घोषणा त्यानंच लिहिल्या होत्या. पाइप खोक्यात बंद होता, कोराच. रात्री त्यानं ठरवून टाकलं होतं: नाव नको, प्रदर्शन नको, म्हातारा रागावला तर रागावू दे. पाठवायचा आणि मोकळं व्हायचं. नऊ वाजता मोटरसायकल थांबली. “देवव्रत टिपणीस कुठं राहतात?” नवीन माणूस असावा. चिंधीच्या टपरीवर तेव्हा तीनचार जण होते. देवव्रत आतल्या खोलीत कान देऊन उभा. “पाइपवाले मास्तर ना?” चिंधी म्हणाली, अगदी सहज, रोजच्यासारखी. “हेच घर.” बहुतेक तिच्या तोंडून निसटलं असावं. मनात ती त्याला कधीपासून तेच म्हणत असणार. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही, विडीचा धूर खिडकीच्या फटीतून तसाच आला. कुरियरवाला ओट्यावर चढला. दारात आई उभी होती, तोंड मिटलेलं, आज सकाळीच तिनं मिश्री लावली होती. “टिपणीस?” त्यानं विचारलं. तिला बोलता येईना. तिनं हात उचलला आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

देवव्रतला ते बोट दिसलं. तसंच बोट चौथीत त्यानं तिच्याकडे दाखवलं होतं, शब्दानं. “दोन मिनिटं थांबा,” तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. त्यानं खोकं फाडलं. पाइपच्या भोकात सळई घातली, दांडा चिरू नये म्हणून. वाळूच्या पिशवीवर टेकवला. फडक्यातून पंच काढला, कोऱ्या जागेवर सरळ धरला, हातोडी उचलली. आणि हातोडी वरच राहिली. बाहेर टपरीवर माणसं होती, दारात माणूस होता, आवाज होणार होता. तेवढ्यात कोपऱ्यावरून मुलांचा कल्लोळ वळला. “एक दोन तीन चार!” हरेशची शिट्टी. दोनशे पोरं आळीत शिरली, ओट्यासमोर आली, चिंधीच्या टपरीसमोर आली. “तंबाखूला करू—” आणि सगळ्या आळीनं ‘हद्दपार’ म्हटलं तेव्हाच देवव्रतनं हातोडी मारली. आपलं नाव त्यानं असं ठोकलं, दुसऱ्यांच्या आवाजाखाली दडवून, आपणच लिहून दिलेल्या घोषणेच्या आड. फेरी पुढं सरकली. पंच उचलला. चारही अक्षरं उमटली होती, एका रेषेत, खोल, स्वच्छ.

“मास्तर,” खिडकीबाहेरून चिंधीची हाक आली, “काय फुटलं का वं आत? फळी हादारली माजी.”

“काही नाही,” देवव्रत म्हणाला. विचार करायच्या आत म्हणाला. जिभेला तेवढंच येत होतं.

आई दारात उभी होती. ती आत आली, टेबलावरचा पाइप तिनं उचलला आणि दांड्यावरून अंगठा फिरवला, बाजारातून आणलेल्या भांड्यावर फिरवायची तसा. मग पाइप खाली ठेवून ती मोरीकडे गेली. मिश्री अजून अर्धीही झाली नव्हती. तिनं थुंकून टाकली, सावकाश चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं, परत आली आणि बंद खिडकीची कडी काढून दोन्ही झडपा उघडल्या. बाहेर टपरीवरची माणसं, मोटरसायकल, रेघेवर मागे रेंगाळलेली दोनचार पोरं.

“काही फुटलं नाही गं, चिंधे,” ती म्हणाली, खणखणीत. “देवूनं पाइपावर नाव घातलंय.”

देवव्रत खिडकी लावायला पुढं झाला. कडीपर्यंत हात गेला, आणि तिथंच तो उभा राहिला.